मशीनीवर परत बसले, म्हणून लिहितेय

मी असे रिव्ह्यू वगैरे कधी लिहीत नाही, मुलगी मागे लागली म्हणून या फिजिओथेरपी क्लिनिकबद्दल लिहितेय. माझं रत्नागिरीत घरीच शिवणकाम, ब्लाऊज, ड्रेस, फॉल-पिको, २२ वर्षं झाली. जूनच्या सुरुवातीला पालीहून रिक्षाने परत येत होते, हातखंब्याच्या अलीकडे डायव्हर्जनला रिक्षा स्लो झाली आणि मागून गाडीने ठोकलं. रिक्षात मागे डोकं टेकायला काही नसतं, त्यामुळे मान आधी मागे हिसडली मग पुढे. पण तेव्हा काहीच वाटलं नाही हो, उलट मीच रिक्षावाल्या दादांना पाणी दिलं, घरी येऊन भाकऱ्या भाजल्या, झोपले, आणि सकाळी उशीवरून डोकं उचलेना. शेवटी स्वतःचेच केस मुठीत धरून डोकं वर घेतलं आणि उठून बसले.

एक्स-रे नॉर्मल आला. एका ठिकाणी मानेला पट्टा दिला, किती दिवस घालायचा ते कुणी सांगितलं नाही, मग मी तीन आठवडे घालूनच बसले, झोपतानासुद्धा. सासूबाई म्हणायच्या गो काढू नको हां, आणि रोज मिठाच्या पुरचुंडीने शेकायच्या. आमच्या ह्यांचं म्हणणं सलूनवाल्याकडून मान मोडून घे, दोन मिनिटांचं काम. मधे दुसऱ्या एका फिजिओकडे जाऊन आले, तिथे २१ दिवसांचं पॅकेज, पैसे आधी भरा, आणि रोज काय तर मशीन लावून पालथं पडायचं. मानेला हातसुद्धा लावला नाही कुणी. पाच दिवस गेले आणि सोडलं.

इथे आले ती शेजारणीच्या सांगण्यावरून, फारशी आशा नव्हती. पहिल्या दिवशी मॅडमनी पाऊण तास घेतला. हातात ताकद किती, बोटांना मुंग्या येतात का, कोपरावर ती छोटी हातोडी मारून बघितली, चालायला लावलं. हात बधिर व्हायला लागला, पकड सुटायला लागली, चालताना तोल जायला लागला किंवा लघवीवरचा ताबा गेला तर माझ्याकडे येऊ नका काकी, सरळ हॉस्पिटल गाठा, हे त्यांनी सगळ्यात आधी सांगितलं. मग एक्स-रे बघून म्हणाल्या की यात हाडं दिसतात, स्नायू आणि लिगामेंट दिसत नाहीत, तुमची दुखापत तिथे आहे. व्हिपलॅश म्हणतात त्याला, चाबूक हिसडतो तशी मान हिसडते, आणि दुखणं दुसऱ्या दिवशी सुरू होणं यात काही नवल नाही. पट्टा हळूहळू चार दिवसांत सोडायला लावला, कारण हाड मोडलेलं नसताना मान बांधून ठेवली तर ती आणखी आखडते आणि कमजोर होते. सलूनवाल्याचं नाव काढल्यावर मात्र माझ्यावर चिडल्याच.

आणि मग विचारलं, काम काय करता? शिवणकाम म्हटल्यावर म्हणाल्या उद्या येताना मशीनीवर बसलेला फोटो काढून आणा, बाजूने. मी म्हटलं फोटो कशाला, पण मुलीने काढला आणि तो बघून मलाच लाज वाटली. पाठीचा धनुष्य, हनुवटी जवळजवळ सुईला टेकलेली. वर कटिंग जमिनीवर बसून.

व्यायाम दिसायला फालतू आहेत, खरं सांगते. पाठीवर झोपून हनुवटी आत ओढायची, डोकं न उचलता, १० मोजेपर्यंत धरायचं, असं १० वेळा. मला वाटलं यात काय आहे, पण तिसऱ्याच वेळी मान थरथरायला लागली. तिच्या आतले स्नायू झोपले होते म्हणे. दर दोन तासांनी मान दोन्हीकडे जमेल तेवढी वळवायची, हाताने कानशिलावर दाब देऊन डोकं न हलवता जोर लावायचा, आणि खिडकीच्या गजाला पिवळा रबरी पट्टा बांधून मागे ओढायचा, पंधरा दिवसांनी लाल दिला, तो जास्त ताठ असतो. ते दुखण्यावर लावायचं मशीन इथेही आहे, पहिले चार दिवस लावलं, नंतर म्हणाल्या याने बरं वाटेल पण मानेत बळ येणार नाही. तसंही पावसात लाईट असते कुठे रोज.

माझी घाई वेगळीच होती. गणपतीच्या ऑर्डर घेऊन बसलेले, घरच्या धंद्यात रजा कोण देणार! मला वाटलं मॅडम म्हणतील तीन महिने मशीन बंद. तसं नाही केलं. पहिला आठवडा फक्त फॉल आणि हातशिलाई, मोबाईलवर २० मिनिटांचा गजर, वाजला की उठायचं. मग मशीन दिवसाला तासभर, मग दोन. मशीनीखाली लाकडी ठोकळे घालून उंच केली, स्टुल काढून पाठ असलेली खुर्ची, सुईजवळ छोटा दिवा, कारण दिसत नाही म्हणूनच आपण वाकतो. कटिंग आता जेवणाच्या टेबलावर करते, त्यावरून घरात थोडी कुरकुर आहे. सुईत दोरा ओवताना मान पुढे काढायची सवय अजून जात नाही.

एक गोष्ट मला कळलीच नव्हती ती त्यांनी पकडली. खाली रस्त्यावर हॉर्न वाजला की माझे खांदे कानापर्यंत जायचे. त्यावर श्वासाचा व्यायाम दिला, आणि रिक्षात बसायला सांगितलं, आधी जवळच्या जवळ, मग मारुती मंदिरापर्यंत. खांदे अजूनही वर जातात पण लगेच खाली येतात.

तक्रारी आहेतच. क्लिनिक दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, जिना अरुंद, मान धरलेल्या माणसाला ओल्या पायऱ्या खाली बघून उतरता येत नाहीत हे कोणाच्या डोक्यात आलं नाही का? अपॉइंटमेंट साडेपाचची असली तरी नंबर सव्वासहाला. बिल मागितल्याशिवाय देत नाहीत, आणि मला तर अपघाताच्या क्लेमसाठी वकिलांनी एकूणएक कागद जपायला सांगितलेला, शेवटी सगळी बिलं एकदम लिहून घेतली. मेडिक्लेमवाल्यांनी मी अॅडमिट नव्हते म्हणून एक रुपया दिला नाही, ते वेगळं. एका वेळचे ३०० घेतात, माझ्या १४ वेळा झाल्या, पंधराव्या वेळेला मॅडमच म्हणाल्या आता येऊ नका, घरी करा.

पूर्ण गेलंय असं नाही, संध्याकाळी उजवीकडे ओढल्यासारखं होतं, आणि व्यायाम चुकवले की दुसऱ्या दिवशी कळतं. पण गणपतीच्या आधी ३१ ब्लाऊज दिले, दरवर्षीचे निम्मेच, तरी दिले. रविवारी बंद असतं. जाताना कामावरचा फोटो आधीच काढून न्या, बाजूने काढलेला, म्हणजे एक चक्कर वाचेल.