नऊ रकाने की तेरा जोड्या?

पात्रं वठवायच्या कागद-फाशांच्या खेळाला मंडळी जमली, गोष्ट चालवणारा मास्तर कोण ते ठरलं, आता पात्राचा चांगुलपणा-वाईटपणा कागदावर मांडायचा कसा एवढंच अडलंय, तर हे वाचा. आम्ही दोन्ही करून पाहिलं: आधी डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळाचे नऊ रकाने, मग पेंड्रॅगन या दुसऱ्या खेळाच्या तेरा जोड्या. आमचा अड्डा म्हणजे कृषी केंद्राच्या मागची खोली. बसायला खताच्या रिकाम्या पोत्यांची गादी, पाच खेळाडू, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत दोनच. तेव्हा माझा अनुभव तेवढ्याच मापाचा समजा.

नऊ रकान्यांचा मोठा गुण म्हणजे समजावायला दोन मिनिटं पुरतात. एका बाजूला शिस्त ते बेबंदपणा, दुसऱ्या बाजूला भला ते दुष्ट, मधे तटस्थ. गंमत अशी की १९७४च्या मूळ खेळात शिस्त, तटस्थता आणि बेबंदपणा एवढ्या तीनच बाजू होत्या. भल्या-दुष्टाची वेगळी रेघ नंतर आली आणि १९७८च्या खेळाडूंच्या पुस्तकात नऊ रकाने पुरे झाले.

आमच्यातला एक जण सांगोळ्याच्या बाजूचा. अकोला जिल्ह्यातल्या या गावात रावणाची पूजा होते. त्यानं पहिल्याच रात्री विचारलं, "भाऊ, रावन कोन्या रकान्यात टाकू?" मी म्हटलं, शिस्तीचा पण दुष्ट. "मंग थो एवढा पंडित, त्याचं काय?" त्यावर चहा निवेपर्यंत वाद रंगला. पण असले वाद मला आवडतात, तेवढ्यासाठी मी खेळ बदलला नसता.

बदलला तो एका अडत्यामुळे. खेळातल्याच.

आम्ही तेव्हा २०००ची तिसरी आवृत्ती खेळत होतो. तीत पॅलाडिनला, म्हणजे धर्मयोद्ध्याला, दुष्टपणा हुडकायची शक्ती असते, दिवसातून हवी तितक्या वेळा. समोर ६० फुटांपर्यंत रोखायची. पहिल्या फेरीत दुष्टपणा आहे की नाही ते कळतं, दुसरीत किती जागी, तिसरीत नेमका कुठे आणि किती जोरकस. मी तीन आठवडे डोकं खाजवून एक बाजारगाव रचलं होतं. तिथला अडत्या काटा मारतो, पण त्यामागे कर्ज आहे, धमकी आहे, वरचा एक सरदार आहे. खेळाडूंनी दोन-तीन रात्री ते उकलावं असा बेत.

पॅलाडिनवाला गावात शिरला आणि रात्री ओलीत करताना बांधावरून टॉर्च फिरवावी तशी त्यानं ती शक्ती साऱ्या बाजारावर फिरवली. तिसऱ्या फेरीला अडत्या सापडला, चौथीला मेला. चहा यायचा होता. मी म्हटलं, अरे त्याला काही विचार तरी! तर म्हणे, "पुस्तकच म्हनते थो दुष्ट हाय, मंग पाप कायचं?" दिसला म्हणून कापावा असं पुस्तक कुठे सांगत नाही, हे मी एक वाजेपर्यंत सांगत होतो. पण ज्याला उत्तर आधीच दिसलंय तो गणित कशाला सोडवेल? त्यानंतर मी जो जो खलपुरुष आणला त्याच्यावर आधी ती टॉर्च पडायची.

आता न्यायानं सांगायचं तर २०१४च्या पाचव्या आवृत्तीत हे राहिलेलं नाही. त्यातली शक्ती देवदूत, पिशाच्च, मुडदे असल्यांना ओळखते, माणसाच्या मनातलं नाही. पण मग रकाना उरतो कशाला? लग्नपत्रिकेवर 'आहेर आणू नये' छापतात, तसा. पाथफाइंडर या अशाच दुसऱ्या खेळवाल्यांनी २०२३च्या सुधारित पुस्तकांत रकाने काढूनच टाकले.

पेंड्रॅगन हा ग्रेग स्टॅफर्डचा १९८५चा खेळ, आर्थर राजाच्या सरदारांचा. यात दयाळू-क्रूर, प्रामाणिक-लबाड, उदार-स्वार्थी अशा तेरा जोड्या, आणि प्रत्येक जोडीची बेरीज २०. दया १२ तर क्रूरता ८. मन दुविधेत असेल तेव्हा वीस बाजूंचा फासा टाकायचा. आकडा दयेइतका किंवा कमी पडला तर सरदार दया करतो. नाही तर क्रूरतेवर टाकायचा, आणि तीही हुकली तर तुमची मर्जी. आमच्याकडे तसला फासा नव्हता म्हणून स्टीलच्या डब्यात १ ते २० चिठ्ठ्या टाकल्या.

मी तोच अडत्या परत आणला, तोच खेळाडू समोर. तलवार उपसून तो म्हणाला, कापतो. मी म्हटलं, दया बारा आहे, काढ चिठ्ठी. नऊ निघाली. चिठ्ठी बोटांत धरून तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "माह्या हातानं सोडला बे त्याले." पुढच्या साली अडत्यानं पुन्हा काटा मारला, तेव्हा या खेळाडूला मागच्या सालचं सगळं आठवत होतं.

साल म्हणतो, कारण या खेळात दर साहसानंतर हिवाळा येतो: पीक कसं झालं, घोडा जगला का, पोर झालं का. आमच्या लोकांना हे समजावून सांगावं लागलं नाही. वापरलेल्या गुणावर तेव्हा पुन्हा चिठ्ठी काढायची, चालू आकड्याच्या वर निघाली तरच एक वाढतो. त्याची दया तेरा झाली, क्रूरता सात.

कटकटी आहेत. तेरा ओळी खोडरबर घेऊन सांभाळाव्या लागतात. एक जण अजून कुरकुरतो की माझं पात्र माझ्याच हातात नाही, आणि त्याचं अगदीच चूक आहे असं नाही. ब्रह्मचर्य-वासना ही जोडी तर दुकानवाले काका खोलीत असले की आम्ही मनातच वाचतो.

एका रात्रीपुरतं गुहेत शिरून राक्षस मारायचे असतील, नवखी पोरं असतील, तर नऊ रकाने घ्या, पाचवी आवृत्ती घ्या, मजा येईल. तीच पात्रं दोन-तीन हंगाम चालवायची असतील तर मी आपलं सुचवेन, एकदा जोड्या करून पाहा. फक्त चिठ्ठ्या जाड कागदाच्या करा. आमच्या सतराचा कोपरा दुमडलाय आणि पॅलाडिनवाला तो बोटानं ओळखतो.