पन्नाशीतली हौस : अ‍ॅम्बेसेडर की पद्मिनी?

पन्नाशी उलटलेल्या बापाने जुनी गाडी घ्यायची म्हटली, की घरचे आधी हसतात आणि मग पासबुक बघतात. आमची कन्या याला सरळ ‘मिडलाइफ क्रायसिस’ म्हणते. म्हणू दे. बुलेट घेऊन लडाखला जाण्यापेक्षा हे बरं, असं सौ.चं मत पडलं आणि निवड दोन जुन्या गाड्यांवर आली : अ‍ॅम्बेसेडर किंवा पद्मिनी.

मागच्या सीटपुरतं बोलायचं तर तुलनाच नको. अ‍ॅम्बेसेडरमध्ये मागे तिघं ऐसपैस बसतात आणि खड्डा कमरेपर्यंत पोचत नाही. म्हातारे आई-वडील, लग्नकार्य, सामानसुमान असा तुमचा संसार असेल तर पुढचं वाचूही नका, तीच घ्या. तिचा बंगालमधल्या उत्तरपाऱ्याचा कारखाना २०१४ पर्यंत चालू होता, म्हणून त्यातल्या त्यात तरुण गाडीही मिळते. जपानी इसुझू इंजिनाची मिळाली तर घाटाची काळजी मिटली.

माझं घोडं अडलं ते खांद्यापाशी. या वयात बऱ्याच जणांचा धरतो तसा माझाही उजवा खांदा धरलेला. बघायला गेलेली अ‍ॅम्बेसेडर रंगाने, कागदपत्रांनी चोख होती. मालकाने चावी हातात दिली, म्हणाले, काढा बाहेर. दोन स्कूटरींच्या मधून मागे-पुढे करत ते थोरलं स्टिअरिंग फिरवायचं म्हणजे भरल्या पोहऱ्याचा रहाट ओढायचा. फाटकापर्यंत येईतो हात वर होईना. वेग घेतला की तक्रार नाही, हेही सांगतो. पण पुण्यात पेठेत गाडी वेग घेते कधी? खांदा शाबूत असलेल्यांनी माझं फार मनावर घेऊ नये.

पद्मिनी अंगाने सुटसुटीत, उभ्या उभ्या वळवायलाही हलकी. स्टिअरिंगला थोडा प्ले, म्हणजे ढिलेपणा असतो, त्याची सवय होते. तिची खरी खोड गिअरची. गिअरची दांडी स्टिअरिंगखाली असते; तिच्या सांध्यांतले बुश झिजले की गिअर मध्येच अडकतो. मग सिग्नलला उतरा, बॉनेट उघडा आणि दांडी गिअरबॉक्सला जोडणाऱ्या सळ्या हाताने ओढून सोडवा. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू द्यावेत. बुश बदलले की बराच काळ शांतता. मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये थांबली, पण त्या टॅक्स्यांवर हात बसलेले मिस्त्री अजून सापडतात. टॅक्सीची खासगी करून रंग मारलेली गाडी मात्र ओळखा : मॅट उचला, फ्लोअरला बोट लावा. पत्रा दबला तर चहा घेऊन निघा.

पेट्रोलमधल्या इथेनॉलने जुने रबरी पाइप खराब होण्याची भीती दोघींनाही सारखीच. ते आधी बदलून घ्या.

पन्नास वर्षांपुढची, मूळ रूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात. दिसायला रुबाब, पण मग ती नेहमीच्या वापराला काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, एवढंच. दर रविवारी खडकवासल्याला जायचं असेल तर या मोहात पडू नये. मी म्हणूनच ऐंशीच्या दशकातली पद्मिनी घेतली. शेवटच्या काळातल्या फ्लोअर गिअरवाल्या, म्हणजे दांडी खाली दोन सीटांमध्ये असलेल्या पद्मिनीत सळ्यांची कटकट नाही. मुलांना त्याच गाडीवर शिकवायचं असेल तर ती बघा. फक्त त्या दांडीमुळे पुढच्या बाजूला तिसऱ्याने गुडघे कुठे ठेवायचे, हे तेवढं आधी घरात ठरवून घ्या.