वॉल्ट डिस्ने वर्ल्डची मोनोरेल : तिकीट नसलेल्या गाडीचे परीक्षण

फ्लोरिडात ऑर्लँडोजवळच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डला जाऊन आलेल्या आपल्याकडच्या मंडळींना तिथले काय आवडले असे विचारले, तर उत्तरात किल्ला येतो, आतषबाजी येते, मिकी माऊसबरोबरचा फोटो येतो. मोनोरेलचे नाव सहसा येत नाही, कारण त्यांच्या लेखी ती वाहनतळापासून उद्यानाच्या दारापर्यंत पोहोचवणारी एक सोय असते. माझे मत अगदी उलट आहे. लातूरहून टँपाला मुलाकडे आम्ही उभयता जेव्हा जेव्हा गेलो, तेव्हा डिस्नेमध्ये माझे मन सर्वांत जास्त या गाडीत रमले. गुडघे, रक्तदाब किंवा मान यांच्या तक्रारींमुळे ज्यांना उलटेसुलटे फिरवणाऱ्या पाळण्यांपासून दूर राहावे लागते, अशा माझ्या वयाच्या वाचकांनी तरी तिच्याकडे नीट पाहावे, एवढ्यासाठी हे परीक्षण लिहीत आहे.

प्रथम आवश्यक माहिती. ही मोनोरेल 1 ऑक्टोबर 1971 रोजी, म्हणजे उद्यान उघडले त्याच दिवशी सुरू झाली आणि 1982 मध्ये एपकॉट या तिथल्या दुसऱ्या उद्यानापर्यंतचा मार्ग तिला जोडला गेला. तीन मार्ग मिळून तिची लांबी साडेतेवीस किलोमीटरांहून थोडी अधिक भरते. तुलनेसाठी सांगायचे तर चेंबूरपासून संत गाडगे महाराज चौकापर्यंतची मुंबईची मोनोरेल सुमारे वीस किलोमीटरांची आहे. एका करमणुकीच्या उद्यानातली गाडी आपल्या राजधानीतल्या गाडीहून लांब धावते, हे वाचून मला आश्चर्य वाटले होते. सध्याच्या गाड्या 1989 ते 1991 या काळात दाखल झालेल्या असून त्या बारा आहेत. प्रत्येक गाडीला सहा डबे आहेत आणि अंगावर एकेका रंगाचा पट्टा आहे. या गाडीला तिकीट नाही. उद्यानाचे महागडे प्रवेशपत्र न काढताही, नुसते तळ्याभोवतीच्या हॉटेलांपर्यंत जाऊन परत यायचे असेल, तरी तिच्यात बसता येते.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवले, तेही लातूर पॅटर्नच्या ऐन भराच्या काळात, त्यामुळे गाडी आली की माझी नजर आधी तिच्या खाली जाते. ही गाडी दोन रुळांवर उभी राहत नाही, तर काँक्रीटच्या एकाच तुळईवर मांड ठोकून बसते. वरची रबरी चाके तिचे वजन पेलतात, बाजूची आडवी चाके तुळईला दोन्ही अंगांनी धरून ठेवतात आणि तुळईच्या कडेने गेलेल्या पट्टीतून 600 व्होल्टची वीज मिळते. वळणावर तुळईच आतल्या बाजूला कललेली असल्यामुळे गाडी झुकते, पण उभ्या माणसाचा तोल जात नाही. वर्तुळाकार गतीची जी गणिते मी फळ्यावर वर्षानुवर्षे सोडवली, त्यांचे उत्तर तिथे पायांना कळते. लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज नाही, फक्त विजेच्या मोटारीची चढत जाणारी गुणगुण ऐकू येते. या रचनेची अडचणही सांगायला हवी : गाडीला मार्ग बदलायचा असेल, तर तुळईचा अख्खा तुकडाच बाजूला सरकवावा लागतो, आणि जगभरातल्या शहरांनी मोनोरेलऐवजी साधी मेट्रो पसंत केली त्यामागे हेही एक कारण आहे.

या तुळईची रुंदी 26 इंच आहे. हा आकडा मला पाठ होण्याचे कारण असे की माझे बालपण लातूरजवळच्या मुरूडला, बार्शी लाईट रेल्वेच्या काठी गेले आणि त्या रुळांमधले अंतर अडीच फूट, म्हणजे 30 इंच होते. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने 1897 मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी अशी सुरू केलेली ही अरुंद मार्गाची गाडी 1911 मध्ये लातूरपर्यंत आली. येडशीजवळच्या डोंगरात ती दमत चढायची, आषाढीला तिच्या टपावरही वारकरी बसलेले असायचे, आणि खिडकीतून हात बाहेर काढला तर ज्वारीची कणसे बोटांना लागतील की काय असे वाटायचे. ब्रॉडगेज आल्यावर ती गेली, आणि वेळेचा व डब्यांचा विचार करता ते योग्यच झाले. मात्र एवढ्याशा पायावर एवढी मोठी गाडी तोलून धरण्याची करामत पुन्हा पाहायला मिळाली, ती थेट फ्लोरिडात. तिथली गाडी बासष्ट मीटर लांब आहे आणि जमिनीपासून बरीच उंच धावते, पण अरुंदपणाचा तो जुना विश्वास मला ओळखीचा वाटला.

2007 च्या मे महिन्यातली फेरी माझ्या सर्वांत जास्त लक्षात राहिली आहे. त्या काळी गाडीच्या अगदी पुढच्या भागात, चालकाच्या शेजारी, तीन-चार प्रवाशांना बसू देत असत. फलाटावरच्या कर्मचाऱ्याला विनंती केली आणि पुढच्या गाडीपर्यंत थांबण्याची तयारी दाखवली की काम होत असे. मुलाने आमच्या वतीने विचारले आणि आम्ही दोघे त्या गोलाकार काचेमागे जाऊन बसलो. समोर काहीही आडवे नव्हते, नुसती तुळई पुढे पुढे निमुळती होत झाडांच्या शेंड्यांमधून जात होती. चालक मुलगी कॉलेजातली वाटावी अशा वयाची होती. आम्ही कुठून आलो हे तिने विचारले, आणि हैदराबादपासून मोटारीने पाच-सहा तासांवर असलेले लातूर तिला कसे समजावून सांगावे याचा मी विचार करीत असतानाच गाडी काँटेम्पररी हॉटेलच्या दिशेने वळली. हे हॉटेल इंग्रजी ए अक्षरासारखे दोन्ही बाजूंनी तिरके उभे आहे आणि मोनोरेल त्याच्या पोटातून आरपार जाते, तिथे तिचे स्थानकही आहे. याची आम्हाला कोणीच कल्पना दिली नव्हती. ‘अहो, गाडी तर घरातच शिरायली की!’ असे आमच्या सौभाग्यवती मोठ्याने म्हणाल्या, आणि भाषा कळली नसतानाही ती चालक मुलगी मनापासून हसली. उतरताना तिने आम्हाला सह-चालकाचा परवाना म्हणून छापलेले एकेक छोटे कार्ड दिले. महाविद्यालयातून निरोप घेताना मिळालेल्या शालीपेक्षा मी ते कार्ड जास्त लोकांना दाखवले आहे.

आता तशी बैठक मिळत नाही, हे वाचकांनी लक्षात ठेवावे. जुलै 2009 मध्ये दोन गाड्यांची टक्कर होऊन एका तरुण चालकाचा मृत्यू झाला, आणि तेव्हापासून पुढचा भाग प्रवाशांना बंद आहे. त्या आनंदाला मी मुकलो याची हळहळ आहेच, पण निर्णय योग्य आहे याबद्दल मनात शंका नाही.

पुढे 2018 मध्ये नातीबरोबर बसलो तेव्हा गाडी तीच होती, पण पाहण्याच्या गोष्टी बदलल्या. तिला किल्ल्यापेक्षा गाड्यांच्या रंगांचा ध्यास लागला होता. पोपटी येऊन गेली, मोरपंखी येऊन गेली, आता अबोली येईपर्यंत फलाट सोडायचा नाही, असा तिचा हट्ट होता आणि आजोबांना दुसरे काही काम नव्हते. काँटेम्पररीच्या आत मेरी ब्लेअर या चित्रकर्तीने केलेले फरशांचे नव्वद फूट उंच भित्तिचित्र आहे. त्यातल्या एका बोकडाला पाच पाय आहेत, हे तिला मुलाने सांगून ठेवले होते, त्यामुळे प्रत्येक फेरीत गाडी आत शिरली की तिचे नाक काचेला चिकटलेले असे. दारे मिटताना होणारी स्पॅनिश सूचना, ‘पोर फावोर, मान्तेंगान्से आलेहादो दे लास पुएर्तास’, तिने अर्थ न विचारता पाठ केली. दारांपासून दूर उभे राहा, एवढाच तिचा आशय आहे. माझ्याकडून मात्र तिला हे कळले की वॉल्ट डिस्ने यांनी अशी गाडी प्रथम जर्मनीत कोलोनजवळ पाहिली, 1959 मध्ये कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये ती सुरू केली, आणि फ्लोरिडात तर त्यांना उद्यानाबरोबर भविष्यकाळाचे एक शहरच वसवायचे होते, ज्यात लोक अशाच गाडीने फिरतील. 1966 मध्ये ते वारले आणि शहराची ती कल्पना मागे पडली. गाडी तेवढी चालू झाली. म्हणूनच मी तिला पाळण्यांच्या यादीत धरत नाही. तिला स्थानके आहेत, कामावर निघालेली माणसे तिच्यात दिसतात, आणि ती कुणाला घाबरवण्याचा प्रयत्न करीत नाही.

ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी थोडे व्यावहारिक. मॅजिक किंगडमकडे, म्हणजे किल्ला असलेल्या उद्यानाकडे, जाणाऱ्या दोन गाड्या आहेत : एक थेट जाणारी आणि दुसरी तळ्याभोवतीच्या हॉटेलांवर थांबत जाणारी. घाई असेल तर पहिली घ्यावी, परंतु माझी शिफारस निःसंशय दुसरीची आहे. तिच्यात उजवीकडची खिडकी मिळवावी, कारण तळे त्या बाजूला राहते. पॉलिनेशियन, ग्रँड फ्लोरिडियन, मॅजिक किंगडम आणि काँटेम्पररी असे थांबे घेत पूर्ण प्रदक्षिणा घालायला साधारण पाव तास पुरतो. चाकाची खुर्ची गाडीत तशीच चढवता येते, कर्मचारी फलाटावर उतरती फळी लावून देतात, आणि बाबागाडीची घडी घालावी लागत नाही. मात्र मुख्य स्थानकाचा चढ थोडा लांब आहे, तो सावकाश चढावा. गर्दीच्या वेळी उभे राहावे लागते, तेव्हा ज्येष्ठांनी सकाळी उद्यान उघडण्याची आणि रात्री आतषबाजी संपल्यानंतरची वेळ टाळून भर दुपारी बसावे. मे महिन्यातले तिथले ऊन आपल्या लातूरच्या उन्हाइतके भाजत नाही, पण दमट हवेने जीव नकोसा होतो, आणि गाडीत गारवा असतो.

एपकॉटला जाणारा मार्ग वेगळा आहे, त्यासाठी मुख्य स्थानकावर गाडी बदलावी लागते. तोही चुकवू नये. ही गाडी उद्यानाच्या आत शिरून 180 फूट उंचीच्या त्या चंदेरी गोलाजवळून मोठे वळण घेते, आणि प्रवेशपत्र नसलेल्या माणसालाही निम्मे एपकॉट वरून पाहायला मिळते. वेग, थरार आणि फोटो यांच्या शोधात आलेल्या तरुणांना मी तीन तारे सांगेन. खिडकीची जागा मिळाली की ज्यांचे प्रवासाबद्दल दुसरे काही मागणे उरत नाही, त्यांच्यासाठी पाचपैकी पाच.