‘फ्री स्कॅन’ने मामांची जुनी उधारी गिळली

कॉम्प्युटर स्लो झालाय म्हणून कुणी ‘क्लीनर’, म्हणजे कचरा साफ करून देतो म्हणणारं सॉफ्टवेअर, टाकायच्या विचारात असेल, तर अमळनेरला माझ्या मामांच्या दुकानात काय झालं ते आधी वाचा.

मामांचं कृषी केंद्र आहे. आमच्याकडे बियाणं-खत बरंचसं उधारीवर जातं आणि पैसे कापूस विकल्यावर येतात. ती सगळी खाती एका जुन्या विंडोज १० वाल्या कॉम्प्युटरवर. ऐन खरिपाच्या तोंडावर तो रडायला लागला. मामा इंटरनेटवर प्रिंटरचा ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर, शोधत होते; तिथे मोठं हिरवं ‘डाउनलोड’ बटण दिसलं, दाबलं. बटण जाहिरातीचं होतं. ड्रायव्हर राहिला बाजूला, क्लीनर आला आणि न विचारताच तपासायला लागला. लाल आकडा भराभर चढत १,३४७ ‘गंभीर चुकां’वर जाऊन थांबला.

हा आकडा कसा फुगवतात? ब्राउझरच्या कुकीज (वेबसाइट ठेवून जातात त्या छोट्या फाइल), तात्पुरत्या टेम्प फाइल, कधीच काढून टाकलेल्या प्रोग्रॅमच्या रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत) उरलेल्या नोंदी, यातली प्रत्येक गोष्ट एक ‘चूक’ धरायची. चांगल्या चालणाऱ्या कॉम्प्युटरवरही अशा ढिगाने निघतात. रजिस्ट्री साफ करणारी सॉफ्टवेअर वापरायला तर खुद्द मायक्रोसॉफ्टचाच पाठिंबा नाही. आणि हे फक्त भुरट्यांचं काम आहे असंही नाही. अमेरिकेत ऑफिस डेपो आणि सपोर्ट डॉट कॉम या कंपन्यांना २०१९ साली अशाच तपासणीपायी मिळून साडेतीन कोटी डॉलर मोजावे लागले. ग्राहकाला आधी चार प्रश्न विचारायचे. त्यातल्या एकाला जरी ‘हो’ म्हटलं, की व्हायरसची लक्षणं सापडली म्हणून दाखवायचं!

तपासणी फुकट, दुरुस्तीचे मात्र १,८९९ रुपये. मामांनी कार्डाने भरले. तेवढ्यावर भागलं असतं तर मी हे लिहायला बसलोच नसतो.

मामा शिस्तीचे. खात्यांची एक कॉपी नेहमी दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवायचे. मागच्या वर्षांच्या फाइल बदलत नाहीत, म्हणून दोन्हीकडे तंतोतंत सारख्या. क्लीनरच्या लेखी त्या ‘डुप्लिकेट’. त्याने ‘सिलेक्ट ऑल’ पुढे केलं, आणि त्यात मूळ फाइल आणि कॉपी दोन्हींवर टिक. दोन्ही उडाल्या. पाठोपाठ रजिस्ट्रीची सफाई. कॉम्प्युटर परत सुरू केला तर बिलिंगचं सॉफ्टवेअर उघडेचना. “काय व्हयनं रे हाई?” मामांचा मला फोन. पण मी जळगावहून पोचेपर्यंत त्यांनी क्लीनरमध्येच दिलेल्या नंबरवर मदत मागितली होती.

पलीकडचा हिंदीत, अगदी अदबीने बोलत होता. त्याने रिमोट ॲप, म्हणजे लांबून आपला कॉम्प्युटर चालवता येतो ते, टाकायला लावलं, ‘इव्हेंट व्ह्यूअर’ ही विंडोजची स्वतःची नोंदवही उघडली आणि त्यातल्या लाल खुणा दाखवत म्हणाला, हॅकर आत शिरलेत. त्या खुणा कुठल्याही विंडोजमध्ये असतात, कुणीही उघडून बघा. मग तीन वर्षांच्या ‘सिक्युरिटी’चे १८,००० मागितले, आणि नेट बँकिंग उघडा म्हणाला. गल्ल्यावर बसलेल्या मामींनी उठून सरळ राउटरचा प्लग उपटला. त्या दिवशी दुकानात कॉम्प्युटरचं खरं ज्ञान त्यांनाच होतं, असं माझं मत आहे.

नंतर कार्ड बंद करून घेतलं, कारण ते १,८९९ दरवर्षी आपोआप कापले जाणार होते. बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. नेट बँकिंगचा पासवर्ड दुसऱ्या मोबाइलवरून बदलला. जळगावच्या गोलाणी मार्केटमधल्या ओळखीच्या पोराने डिस्क काढून नेली. काही फाइल परत मिळाल्या, बाकीची उधारी मामी अजून बिलबुकांच्या कार्बन कॉपीवरून जुळवतायत. कॉम्प्युटर स्लो का होता? हार्ड डिस्क म्हातारी झाली होती. तिच्या जागी एसएसडी, म्हणजे नव्या प्रकारची वेगवान डिस्क, बसवली, विंडोज नव्याने टाकलं, आता पळतोय.

कचराच काढायचा असेल तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘सिस्टिम’खाली ‘स्टोरेज’ आहे, फुकट आहे. तिथेही ‘डाउनलोड्स’वर टिक नाही ना, ते बघून घ्या. बॅकअप पेनड्राइव्हवर घ्या आणि तो काढून कपाटात ठेवा. आणि खात्यातून पैसे गेलेच असतील, तर नातेवाइकांना सांगत बसू नका. आधी १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. पैसे पुढच्या खात्यांत फिरायच्या आत तक्रार गेली तरच ते गोठवता येतात.