हरित सरकारी खरेदी: सूचना, सक्ती, एकूण खर्च की एकत्रित खरेदी?

सरकारी खरेदी पर्यावरणाला धरून व्हावी, हे 2015 साली संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत (लक्ष्य 12.7) मान्य झालं. त्यामुळे करायची की नाही हा वाद आता उरलेला नाही. विकसनशील देशाच्या वित्त किंवा पर्यावरण खात्यात ज्याला निर्णय घ्यायचा आहे, त्याच्यापुढचा प्रश्न वेगळा आहे: सुरुवात कुठून करायची? चार वाटा दिसतात. विभागांना मार्गदर्शक सूचना द्यायच्या, ठरावीक वस्तूंची सक्ती करायची, निविदेत किमतीऐवजी वस्तूचा आयुष्यभराचा खर्च तोलायचा, किंवा अनेक कार्यालयांची मागणी एकत्र करून मोठी खरेदी करायची.

माझं मत आधीच सांगून ठेवतो. सूचनांची वाट सर्वांत सोपी दिसते आणि तिच्यातूनच सर्वांत कमी हाती लागतं. उरलेल्या तिन्ही उपयोगी आहेत, पण प्रत्येक वेगळ्या वस्तूंसाठी.

सूचना का पुरत नाहीत

खरेदी अधिकाऱ्याच्या टेबलापाशी जाऊन विचार करा. सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारली, तर त्याला कोणी जाब विचारत नाही. दुसऱ्या क्रमांकाची घेतली, तर लेखापरीक्षणात आक्षेप येतो, फाइल उघडते, आणि उत्तरं देता देता वर्षं जातात. कधीकधी ती निवृत्तीनंतरही द्यावी लागतात. अशा माणसाच्या हातात 'शक्य तिथे पर्यावरणपूरक वस्तूंना प्राधान्य द्यावे' असं परिपत्रक दिलं, तर तो काय करील? 'शक्य तिथे' म्हणजे कुठे, किती जादा दर चालेल, याचं उत्तर त्यात नसतं. त्याला पर्यावरणाची फिकीर नाही असं मला वाटत नाही. पण ती फिकीर करण्याची किंमत त्याने एकट्याने मोजावी अशी व्यवस्था आपण उभी केली आहे, आणि हे अन्यायाचं आहे.

ब्राझीलचा अनुभव इथे पाहण्यासारखा आहे. 2010 साली तिथल्या केंद्र सरकारने निविदांत पर्यावरणाचे निकष घालण्याविषयी निर्देश काढला. मात्र त्याच वर्षी 1993 च्या खरेदी कायद्यातही दुरुस्ती झाली आणि देशाचा शाश्वत विकास हा निविदेच्या उद्देशांपैकी एक ठरला. 2021 च्या नव्या कायद्यात तर कोणता देकार फायद्याचा, हे पाहताना वस्तूचं जीवनचक्रही विचारात घेण्याची सोय झाली. उद्देशच कायद्यात आला, की अधिकाऱ्याला फाइलवर लिहायला आधार मिळतो. नुसत्या परिपत्रकाला ती ताकद नसते.

पर्यावरण-लेबलचंही, म्हणजे वस्तू पर्यावरणपूरक असल्याची खूण सांगणाऱ्या चिन्हाचंही, तसंच. भारतात 'इकोमार्क' योजना 1991 साली आली, पण कित्येक वर्षं मोजक्याच उत्पादकांनी ती घेतली. शेवटी 2024 साली नवे नियम आणावे लागले. लेबल मागणारा मोठा ग्राहक नसेल, तर उत्पादक चाचणीचा खर्च का करील? तो ग्राहक सरकारच होऊ शकतं, आणि त्यासाठी निविदेत लेबलची अट असावी लागते.

सक्ती: छोटी यादी, भरपूर पुरवठादार

दक्षिण कोरियाने 2005 साली कायदा लागू केला: सार्वजनिक संस्थांनी हरित उत्पादनं घ्यायची, दरवर्षी खरेदीचा आराखडा द्यायचा आणि काय घेतलं ते कळवायचं. आपल्याकडे सक्तीची चर्चा होते तेव्हा पहिल्या कलमावरच सगळा भर असतो. खरा जोर आराखड्यात आणि वार्षिक अहवालात आहे, कारण न केलेली खरेदी त्यामुळे दिसू लागते. शिवाय तिथे पर्यावरण-लेबल 1992 पासून होतं. कायदा आला तेव्हा घेण्याजोगा माल बाजारात होता. हा क्रम उलटा करणं धोक्याचं.

चीनने 2004 साली ऊर्जाबचत करणाऱ्या उत्पादनांची सरकारी खरेदी यादी काढली, 2006 साली पर्यावरण-लेबल असलेल्या उत्पादनांची. पुढे काही ऊर्जाबचतीच्या वस्तू सक्तीच्या झाल्या. त्या याद्यांत थेट उत्पादनांची आणि मॉडेलांची नावं असत. बाजारात नवं मॉडेल आलं की यादी जुनी. 2019 साली ही पद्धत बदलून वस्तूंचे प्रकार आणि त्यांच्यासाठी लागणारी प्रमाणपत्रं एवढंच ठरवलं गेलं. नव्याने सुरुवात करणाऱ्या देशाने सरळ या दुसऱ्या पद्धतीवर यावं. मॉडेलांची यादी सांभाळायला माणसं लागतात, आणि यादीत नाव घालण्यासाठी दबावही येतो.

सक्ती कोणत्या वस्तूंवर करावी? माझी कसोटी दोन प्रश्नांची. एकमेकांशी संबंध नसलेले किमान चार-पाच पुरवठादार देशात माल देऊ शकतात का? आणि माल भांडारात आला, की अट पाळली आहे हे तिथल्या माणसाला तपासता येतं का? पुनर्वापरित कागद, ऊर्जा-लेबल असलेले दिवे, पंखे, संगणक, वातानुकूलन यंत्रं या कसोटीवर बहुतेक ठिकाणी टिकतात. 'कमी विषारी' साफसफाईची रसायनं टिकतीलच असं नाही. तिथे प्रयोगशाळा लागते, आणि ती नसेल तर अट कागदावरच राहते. पुरवठादार एक-दोनच असतील, तर सक्ती म्हणजे त्यांना मक्तेदारी देणं होय.

प्रमाणपत्राबाबत एक खबरदारी. आयएसओ 14024 या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे दिलेलं लेबल त्रयस्थ संस्था तपासून देते, तर आयएसओ 14021 मध्ये उत्पादक स्वतःच दावा करतो. निविदेत दोन्हींना एकच वजन दिलं, तर पडताळणीवर पैसा घालणारा उत्पादक हरतो. पण त्रयस्थ लेबलचाच आग्रह धरला, तर स्थानिक लहान उत्पादक बाहेर फेकला जातो. त्याला हा खर्च झेपत नाही. म्हणून 'अमुक लेबल किंवा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा तोच निकष सिद्ध करणारा अहवाल' अशी अट ठेवावी आणि पहिली दोन-तीन वर्षं चाचणीचा काही भार सरकारने उचलावा.

एकूण खर्च: सर्वांत समृद्ध वाट, पण हिशेब जपून

वीज किंवा इंधन खाणाऱ्या वस्तूंसाठी मला हीच वाट सर्वांत पटते. इथे 'पर्यावरणासाठी जादा पैसे द्या' असं कोणाला सांगावंच लागत नाही. दोन पंप घ्या, पाणी सारखंच उपसणारे. एक ताशी 5 युनिट घेतो, दुसरा 4. वर्षाला 2,000 तास चालले, तर फरक 2,000 युनिटचा. दहा वर्षांत 20,000 युनिट. ही वीज ज्या दराने विकत घ्यावी लागते त्या दराने गुणा, आणि मग ठरवा स्वस्त पंप खरंच स्वस्त आहे का. युरोपीय संघाच्या 2014 च्या खरेदी निर्देशात हा हिशेब अधिकृत आहे. तो कसा करणार हे निविदेतच आधी जाहीर करावं लागतं. ही अट जशीच्या तशी उचलावी.

अडचण पुढे येते. दहा वर्षांनी वाचणारा रुपया आजच्या रुपयाइतका मोलाचा नसतो, मग भविष्यातली बचत आजच्या पैशांत मोजताना कोणता व्याजदर धरायचा? 6 टक्के धरला, तर वरची दहा वर्षांची बचत आजच्या हिशेबाने सुमारे 14,700 युनिटइतकी भरते. 12 टक्के धरला, तर सुमारे 11,300. विकसनशील देशांत व्याजदर चढे असतात, त्यामुळे हिशेब नेमका जिथे गरज जास्त तिथेच कार्यक्षम वस्तूच्या विरोधात झुकतो. हा दर वित्त खात्याने एकदा ठरवून सर्वांना लागू करावा. प्रत्येक कार्यालयाने आपापला धरला, तर लेखापरीक्षकाला आक्षेपाची जागा तयारच.

दुसरी अडचण लेखाशीर्षाची. पंप भांडवली खर्चातून येतो, वीजबिल चालू खर्चातून, आणि पुष्कळदा दुसऱ्याच विभागाच्या. बचत करणाऱ्याला ती दिसतच नाही. म्हणून बचतीचा काही हिस्सा त्याच कार्यालयाला पुढच्या वर्षी वापरता यावा, अशी तरतूद मागून घ्या. ती मिळाली नाही तर ही पद्धत फार दूर जात नाही.

फर्निचरचं लाकूड, कागद, कापड यांना ही वाट लागू पडत नाही. या वस्तू वापरताना वीज किंवा इंधन लागत नाही आणि जंगलाचं नुकसान बिलात उमटत नाही. तिथे स्पेसिफिकेशनमध्ये अट घालणं हाच मार्ग.

एकत्रित खरेदी

मागणी एकवटली की बाजार हलतो. भारतात एका सरकारी कंपनीने एलईडी बल्ब मोठ्या निविदांतून घेऊन घराघरांत पोचवले. 2014 च्या सुरुवातीला 310 रुपये असलेला खरेदी दर तीन वर्षांच्या आत 40 रुपयांखाली आला. जगभर एलईडी त्या काळात स्वस्त होत होते, तेव्हा सगळं श्रेय निविदांना देता येणार नाही. तरी एवढी वेगवान घसरण मोठ्या, खात्रीच्या मागणीशिवाय झाली नसती. 2022 साली पाच भारतीय शहरांसाठी 5,450 इलेक्ट्रिक बसची एकत्र निविदा निघाली. त्यात शहरं बस विकत घेत नाहीत, धावलेल्या किलोमीटरचे पैसे देतात. म्हणजे चढ्या सुरुवातीच्या किमतीचा प्रश्न करारानेच सोडवला, आणि आलेले दर डिझेल बसच्या खर्चापेक्षा कमी निघाले.

उलट उदाहरणही तिथलंच. 2017 साली सरकारी कार्यालयांसाठी 10,000 इलेक्ट्रिक गाड्यांची निविदा निघाली, पण गाड्या ठरल्या वेगाने रस्त्यावर आल्या नाहीत. चार्जिंगची सोय आणि वापरणाऱ्या कार्यालयांची तयारी आधी नसेल, तर मोठा आकडा नुसता आकडाच राहतो. पुरवठादाराला पैसे वेळेवर मिळतील याची हमी नसेल, तर तो जोखमीचे पैसे दरात धरतो आणि एकत्र येण्याचा फायदा तिथेच संपतो.

मग निवड कशी करावी

देशात पर्यावरण-लेबल नाही, प्रयोगशाळा नाहीत, पण वीजबिल जड आहे, अशी स्थिती असेल तर एकूण खर्चाच्या पद्धतीने दिवे, पंप, पंखे आणि वातानुकूलन यांपासून सुरुवात करा. लेबल आहे आणि पुरवठादार पुरेसे आहेत, तर सात-आठ वस्तूंची सक्ती, वार्षिक अहवालासह. केंद्रीय खरेदी संस्था सक्षम असेल आणि पैसे वेळेवर देत असेल, तर वाहनांसारख्या महाग वस्तू एकत्रितपणे घ्या. सूचना काढायच्याच असतील, तर यांपैकी एखाद्या वाटेच्या जोडीला काढा.

कोणतीही वाट धरली, तरी पहिल्या निविदेआधी लेखापरीक्षण खात्याला चर्चेत बसवा. जाहीर केलेल्या हिशेबानुसार दुसऱ्या क्रमांकाचा दर स्वीकारणं हा गैरव्यवहार धरला जाणार नाही, एवढं एक वाक्य त्यांच्या संमतीने खरेदी नियमांत घालून घ्या. ते वाक्य मिळायला सहा महिने लागले तरी थांबा, पण त्याशिवाय निविदा काढू नका.