फाईल सापडत नाही? एव्हरीथिंग टाकून बघा

विंडोजवाल्यांनो, फाईल कुठे सेव्ह केली ते आठवत नसेल तर व्हॉइडटूल्सचं एव्हरीथिंग हे फाईल शोधायचं सॉफ्टवेअर डाउनलोड करा, पूर्ण फुकट आहे, जाहिराती नाहीत आणि आकारानेही एकदम छोटं. नाव टाईप करायला लागलात की अक्षरागणिक लिस्ट लहान होत जाते, वाट बघायचं कामच नाही, कारण हे एकेक फोल्डर उघडून शोधत बसत नाही, एनटीएफएस ड्राईव्हवर (विंडोजमधले बहुतेक ड्राईव्ह याच प्रकारचे असतात) विंडोज स्वतःच सगळ्या फायलींची जी नोंद ठेवतं तीच हे थेट वाचतं. देवनागरी नावंपण सापडतात बरं का! डिस्क भरली असेल तर नुसतं साईजच्या कॉलमवर क्लिक करा, जागा खाणारे जुने व्हिडिओ लगेच वर येतात.

दिसायला मात्र अगदी जुनाट, नव्वदच्या दशकातलं वाटतं. फाईलच्या आतला मजकूर शोधायला गेलात तर बराच वेळ खातं, त्यासाठी हे नाहीच मुळी. मॅकवर चालत नाही. आणि हो, घरात एकच कॉम्प्युटर सगळे वापरत असतील तर सगळ्यांच्याच फायलींची नावं यात दिसतात, तेवढं बघून घ्या.