एअर पिस्तुलाच्या ‘अपग्रेड’मध्ये ६१,५०० रुपये गेले. कोल्हापूरच्या पालकांनो, पिस्तूल कुणाच्याही हातात देण्याआधी हे वाचा

आकडे आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. जर्मन मॅच बॅरल, म्हणजे स्पर्धेच्या दर्जाची नळी, २७,५०० रुपये. ट्रिगर युनिट १४,०००. अक्रोडाच्या लाकडाची ग्रिप, म्हणजे मूठ, ९,५००. दाबाची हवा भरायचा नवा सिलिंडर ८,०००. मजुरी २,५००. एकूण ६१,५००, त्यातले ४०,००० आगाऊ आणि उरलेले २१,५०० पिस्तूल परत घेताना. दोन्ही वेळा यूपीआयने दिले. या पैशात आम्हाला मिळाला रंगाचा एक हात, कापलेली एक स्प्रिंग, डाग मारलेलं साधं लाकूड आणि मुदत संपलेला सिलिंडर. आमचा चांगला सिलिंडर गेला तो वेगळाच.

माझी मुलगी नेमबाजीत दहा मीटर एअर पिस्तूल खेळते. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत ही नावं ऐकत या गावातली पोरं मोठी झाली. १ ऑगस्ट २०२४ ला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिम्पिकमध्ये नेमबाजीत ब्राँझ आणलं, त्यानंतर तर रेंजवर पालकांची रांग लागली. त्या रांगेत पैसा आहे हे भामट्यांना आपल्याआधी कळतं. पोराच्या नावावर बाप खिशात हात घालतोच.

आमचं पिस्तूल सेकंडहँड, सुरुवातीच्या दर्जाचं, परदेशी बनावटीचं. एका सीनियर खेळाडूकडून ७८,००० ला घेतलं होतं. वर्षभर चाललं, कधी अडलं नाही. मग मुलीचा स्कोअर ६०० पैकी ५३५ च्या आसपास अडकला आणि घरात चर्चा सुरू झाली, पिस्तूल बदलायचं का? वरच्या दर्जाच्या नव्या पिस्तुलाचा आम्हाला सांगितलेला भाव २,१०,००० होता. तेवढे नव्हते. आणि बरोबर अशा वेळी एक माणूस भेटला. म्हणाला, “काका, दोन लाख कशाला घालवताय? तुमच्या पिस्तुलाची बॉडी एक नंबर आहे. साठेक हजारात आतलं सगळं बदलून देतो, मोठ्या पिस्तुलाच्या तोडीस तोड.”

७८,००० अधिक ६१,५०० म्हणजे १,३९,५००. नव्यापेक्षा ७०,५०० कमी. हा हिशोब मी त्याच्यासमोर बसून केला आणि मला तो पटला. सगळी मेख इथे आहे. थेट लुबाडणारा माणूस लगेच ओळखू येतो. हा मात्र तुमचे पैसे वाचवायला आलेला असतो.

मला भोळा समजू नका. उद्यमनगरात लेथवर माझी हयात गेली आहे. मिलिमीटरच्या शंभरात दोन भागांचा फरक मी बोटानं सांगतो. पण एअर पिस्तुलाची खरी नळी बाहेरच्या आवरणात असते, हवेचा दाब सांभाळणारा रेग्युलेटर सीलबंद असतो आणि “उघडलंत तर गॅरंटी गेली” असं त्यानं आधीच बजावलं होतं. जे उघडता येत नाही ते मोजणार कसं? वर एका ओळखीच्या पालकानं त्याचं नाव घेतलं होतं, “माझ्या मुलाचं केलंय, मस्त केलंय.” त्या गृहस्थांनीही आत काय बसलंय ते पाहिलेलं नव्हतं, हे मला नंतर कळलं. त्यांचाही राग येतो. पण मी त्यांच्या जागी असतो तर मीही तेच बोललो असतो.

आता जो क्षण अजून झोपू देत नाही तो सांगतो. शाहूपुरीतल्या त्याच्या गाळ्यात पिस्तूल परत घ्यायला गेलो. त्यानं टेबलावर मखमली कापड पसरून पिस्तूल ठेवलं. काळं कुळकुळीत, नवंकोरं दिसत होतं. सोबत एक टेस्ट कार्ड, पाच छर्रे एकाच भोकातून गेलेले. मी सिलिंडर हातात घेतला. सिलिंडरवर बनवल्याची तारीख ठोकलेली असते आणि तिथून साधारण दहा वर्षं तो वापरायचा, एवढं मला माहीत होतं. त्या जागेवर चंदेरी स्टिकर होता, ‘टेस्टेड ओके’ छापलेला. मी त्यावरून अंगठा फिरवला. खाली ठोकलेले आकडे अंगठ्याला लागले. मी विचारलं, “हे काय?” तो म्हणाला, “आमच्या चेकिंगचा आहे, काढू नका, गॅरंटीचा शिक्का आहे तो.” आणि मी ठेवून दिला. शेजारी मुलगी नवी ग्रिप हातात धरून खूश होऊन उभी होती. त्या घडीला नखानं स्टिकर खरवडून माणसावर संशय घ्यायचा? कुठल्याही बापाला ते जड गेलं असतं.

जुने पार्ट मागितले तर म्हणाला, “ते एक्स्चेंजमध्ये धरलेत.” गल्लीतला मिस्त्री स्कूटरची क्लच प्लेट बदलली तरी जुनी प्लेट हातावर ठेवतो. इथे सत्तावीस हजारांची नळी बदलली म्हणे, आणि जुनी दाखवायला नाही! पावतीवरही फक्त ‘सर्व्हिस चार्ज ६१,५००’. पार्टचं नाव नाही, नंबर नाही, जीएसटी नाही. पावतीत प्रत्येक पार्ट वेगळ्या ओळीवर लिहिलेला नसेल तर शेवटचा हप्ता देऊच नका.

पुण्यात स्पर्धेला गेलो तेव्हा बिंग फुटलं. सामन्याआधी शस्त्राची तपासणी होते. पिस्तुलाची नळी आभाळाकडे करून ट्रिगरला ५०० ग्रॅमचं वजन अडकवतात आणि पिस्तूल वर उचलतात. वजन उचललं गेलं पाहिजे, ट्रिगर सुटता कामा नये. आमचा सुटला. पुन्हा केलं, पुन्हा सुटला. तपासणाऱ्यानं सिलिंडर फिरवून पाहिला, शांतपणे स्टिकर काढला आणि तारीख माझ्यापुढे धरली. मुदत कधीच संपलेली. माझी मुलगी तिथे सगळ्या मुलांसमोर उभी होती. तिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. एका मुलीनं आपलं दुसरं पिस्तूल दिलं म्हणून ती खेळू शकली. परक्या ग्रिपवर जे व्हायचं तेच झालं.

नंतर तिथल्याच एका जाणत्या आर्मररनं, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्यानं, पिस्तूल उघडलं. नळी मूळचीच, फक्त बाहेरच्या आवरणाला नवा रंग. ट्रिगर युनिट जुनंच, आतल्या स्प्रिंगचे वेटोळे कापलेले, म्हणून तो हलका लागत होता. घरी आल्यावर मुलगी म्हणाली होती, “पप्पा, केवढा स्मूथ झालाय!” ग्रिप कुठल्या तरी हलक्या लाकडाची, वर अक्रोडी रंग. आणि सिलिंडरमध्ये २०० बार दाबापर्यंत हवा भरतात. मुदत संपलेला तसला सिलिंडर माझी पोर रोज तोंडासमोर हातभर अंतरावर धरत होती. पैशाचं एक वेळ सोडून देईन. हे सोडणार नाही.

अपग्रेड परवडतं का, याचं उत्तर त्या आर्मररनं फुकटात दिलं. पिस्तूल शिकंज्यात घट्ट बांधायचं, दहा मीटरवरून आपल्या नेहमीच्या छर्‍यांनी दहा शॉट मारायचे. दहाच्या रिंगणाचा व्यास ११.५ मिलिमीटर असतो. सगळे शॉट त्यात बसले तर पिस्तूल ६०० मारायला लायक आहे, कमी पडतायत ते गुण हाताचे, श्वासाचे, ट्रिगर दाबण्याच्या सवयीचे. आमचं पिस्तूल मूळच्या नळीवर, नुसता सिलिंडर बदलून तिथे बांधलं, आणि सगळे शॉट दहात गेले. म्हणजे २७,५०० ची नळी त्यानं खरोखर बसवली असती तरी मुलीचा स्कोअर वाढला नसता! मुलीच्या सरांनी आधी हेच सांगितलं होतं. पण सर सरावच करा म्हणतात आणि विकणारा गुण वाढवून देतो म्हणतो. स्पर्धा तोंडावर असताना कुणाचं ऐकावंसं वाटतं, सांगा.

स्वस्त पिस्तुलावर पैसे घालायचेच असतील तर ग्रिप हाताला बसेल अशी घासून घ्या आणि दोन-चार प्रकारचे छर्रे आणून शिकंज्यात कुठला जमतो ते बघा. ट्रिगर तर कंपनीच्या स्क्रूनंच हवा तसा जुळवता येतो, त्याला पार्ट लागत नाही. सिलिंडर तारीख बघूनच घ्या. याच्या पलीकडचा पैसा साठवा आणि पुढे चांगलंच पिस्तूल घ्या.

आता तक्रारीचं. गाळा बंद, फोन बंद. आमच्या भागातल्या पोलीस ठाण्यात गेलो. ‘पिस्तूल’ शब्द निघाला आणि समोरच्या साहेबांचा पहिला प्रश्न, “लायसन्स दाखवा.” मी सांगितलं, साहेब, ४.५ मिलिमीटरचं हवेवरचं खेळाचं पिस्तूल आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांत ४.५ मिलिमीटर बोअर आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर वेपनला परवाना लागत नाही, हे तर सहा ज्यूलच्या आसपास भरतं. ते म्हणाले, “ते आम्ही ठरवू. आधी जमा करा.” फसवला गेलो मी आणि जमा करायचं आमचंच पिस्तूल! मुलीचं ओळखपत्र, स्पर्धेची कागदपत्रं, सगळं पुढे ठेवलं. कुणी हात लावला नाही. मग दुसऱ्या टेबलावर पाठवलं. तिथे उत्तर, “तुम्ही स्वखुशीनं पैसे दिले, काम करून मिळालं, पावती आहे. हा दिवाणी मामला आहे.” मुदत संपलेल्या सिलिंडरवर स्टिकर चिकटवून तो नवा म्हणून विकणं हा दिवाणी मामला? अर्ज घ्या म्हटलं तर मोठे साहेब बंदोबस्तात. पुन्हा गेलो तर अर्ज कुणाकडे दिला होता ते मलाच विचारलं. पोच मागितली तर शिक्का सापडेना. एका हवालदारानं तर मुलीकडे बघून म्हटलं, “कशाला असले महागाचे नाद लावता पोरीला?” तिथून मी हात थरथरत बाहेर पडलो.

खेळाशी संबंधित एका संघटनेकडे गेलो. “तो आमचा अधिकृत माणूस नाही,” एवढं सांगून विषय संपवला. नसेल अधिकृत. पण तो रेंजच्या दारात पोरांना कार्ड वाटत होता, तेव्हा कुणी हटकलं का?

म्हणून सांगतो, ठाण्यात तोंडी काही बोलू नका. लेखी अर्जात भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, फसवणूक, आणि वस्तू ठेवून घेतली असेल तर ३१६ लिहा आणि दोन प्रती न्या. गुन्हा नोंदवला नाही तर तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टानं पाठवा, तशी तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येच आहे. त्यानंही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. मी अधीक्षकांना पाठवलाय. ग्राहक आयोगातही तक्रार टाकली आहे. पाच लाखांच्या आतल्या रकमेला तिथे फी नाही, वकील लागतोच असं नाही. माझं अडतंय ते त्या ‘सर्व्हिस चार्ज’ पावतीवर. व्हॉट्सअॅपवरचं त्याचं पार्टवार कोटेशन मी जपलं होतं, म्हणून तरी काही हातात आहे. चॅट डिलीट करू नका. पिस्तूल देताना नळी, ट्रिगर, सिलिंडरची तारीख यांचे फोटो त्याच्यासमोर काढा. फोटोला नाही म्हणणाऱ्याकडून उठून या. टेस्ट कार्डावर विश्वास ठेवू नका, पाच शॉट आपल्यासमोर मारायला लावा.

आणि ज्यांनी याच माणसाकडून काम करून घेतलंय, कोल्हापुरात असे आणखी पालक आहेत हे मला माहीत आहे, त्यांनी आजच तो चंदेरी स्टिकर काढून तारीख बघा. मुदत गेलेली असेल तर त्यात हवा भरू नका, असलेली काढून टाका, पोरांच्या हातात देऊ नका. मग तुमचं कोटेशन आणि पैसे दिल्याचे पुरावे घेऊन मला भेटा. एकाच माणसानं अनेकांना फसवलंय हे कागदावर आलं, तर पुढच्या वेळी त्या टेबलावरून ‘दिवाणी’ म्हणून कुणाला परत पाठवणं इतकं सोपं जाणार नाही.